बुनलोमला न मिळालेलं दुसरं वचन

खामसेन आणि त्याचा धाकटा भाऊ बुनलोम यांनी दारू सोडायचं वचन एकाच सकाळी घेतलं. मेकाँगकाठच्या गावाहून म्हातारी आई दोघांना त्या लांबच्या विहारात घेऊन आली होती. तिथल्या भंतेंनी आधीच बजावलं, "वचन आयुष्यात एकदाच. मोडलंत तर पुन्हा मिळणार नाही." मग ओकारीचा काढा पाजला. रांगेत गुडघे टेकून दोघं भडाभडा ओकले.

"दादा, आजवरच्या सगळ्या लग्नांत प्यालेली बाहेर पडली बघ," बुनलोम धापा टाकत म्हणाला. तशातही खामसेनला हसू आलं.

खामसेनने वचन पाळलं. बुनलोमचं भातकापणीपर्यंत टिकलं. कापणी उरकल्यावर बांधावर तांदळाची दारू फिरली. कुणीतरी डिवचलं, "काय रे, मुंडण करून भंते कधी होतोयस?" त्याने पेला उचलला.

पुढच्या पावसाळ्यात त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. खामसेन त्याला धरून पुन्हा विहारात घेऊन गेला.

"भंते, माझं वचन याला द्या. मी दारूला शिवणार नाही, पण ते याच्या नावावर करा."

भंतेंनी बुनलोमला बसायला चटई पुढे केली. "वचन असं देता येत नाही, बाळा. त्याला इथे राहू दे. जेवण देऊ, औषध देऊ."

बुनलोम उठला. "एवढ्या वचनवाल्यांत मी काय उष्ट्या पत्रावळीसारखा पडून राहू? चल दादा, बस चुकेल."

घरी तो फार दिवस काढू शकला नाही. आईने त्याचे पाय मांडीवर घेतले होते, तेव्हाच तो गेला.

दहनानंतर माणसं प्यायला बसली, तसा खामसेनपुढेही पेला आला. वास नाकात शिरला आणि भाऊ शेजारी येऊन बसल्यासारखं वाटलं. हात पुढे गेला होता. तो तसाच उठला आणि नदीकडे चालू लागला. लोक म्हणाले, केवढा निग्रह! तो मात्र काठावर बसून, तो वास जाईपर्यंत नाक धूत होता.

पुढे तो भंतेंशी भांडायला गेला. "तुमच्या नियमाने माझा भाऊ मारला."

"असेल," भंते म्हणाले. "त्याला जाऊ दिलं, हे मला रोज खुपतं."

खामसेनने त्यांना माफ केलं नाही. दारूही घेतली नाही. आता गावातल्या बाया आपापल्या नवऱ्यांना घेऊन त्याच्याकडे येतात, वचनाने खरंच सुटते का, विचारतात.

"माझी सुटली," तो सांगतो. "भावाची नाही सुटली. असं का झालं, मला विचारू नका."

मग तो त्यांना विहाराच्या बसपर्यंत सोडायला जातो.