ज्वारीच्या राखणीला लाइव्ह अल्बम

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. कुजबुजीएवढा उरला. ताडकळसजवळच्या आमच्या गावात चाळीस वर्षं गुरुवारचं भजन त्यांनीच चालवलं होतं. पहिली ओळ त्यांनी म्हणायची, मग मागच्या टाळकऱ्यांनी ती उचलायची, अशी रीत. दवाखान्यातून आल्यावर त्यांनी टाळ खुंटीला अडकवले, ते अडकवलेच. लोक बोलवायला आले की हे भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेत. मला त्यांचा रागही येई आणि कीवही येई.

त्या हिवाळ्यात ज्वारी हुरड्यात आली. पाखरं हाकायची तर गोफणीसोबत आरोळीही लागते. अण्णांची गोफण फिरे, पण आरोळी निघेना. आई म्हणाली, पत्र्याचा डबा वाजवा. त्यात अण्णांना कमीपणा वाटे. मग कणसं रिकामी होत जायची आणि हे मचाणावर नुसते बघत बसायचे.

मी सोनपेठला कारकून आहे, रविवारी गावी येतो. माझ्या फोनमध्ये एका हेवी मेटल बँडचा लाइव्ह अल्बम आहे, म्हणजे लोकांसमोर झालेल्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग; कॉलेजात असल्यापासून ऐकतोय. अण्णा त्याला पत्र्याचं दुकान म्हणायचे आणि मी दरवेळी चिडायचो. एका रविवारी मी छोटा स्पीकर मचाणाच्या खांबाला बांधला आणि आवाज पूर्ण सोडला. गिटारला पाखरांनी भीक घातली नाही. पण गाणं संपून हजारो माणसांचा गलका उठला, तसा राघूंचा थवाच्या थवा उडाला. बांधापलीकडचे काका काठी घेऊन पळत आले. त्यांना वाटलं, आमच्या शेतात मारामारी जुंपली. अण्णा पोट धरून हसले, आवाज न येता. आजारपणानंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघत होतो.

स्पीकर आणि तोच अल्बम भरलेला माझा जुना फोन त्यांच्याकडे ठेवून मी सोनपेठला गेलो. आठवडाभर अण्णांनी सकाळपासून दिवस मावळेपर्यंत तेच ऐकलं. पुढच्या रविवारी मी भाकरी घेऊन गेलो, तर हात वर करून त्यांनी मला गप्प केलं. सातवं गाणं चालू होतं. त्यात एका ठिकाणी गायक अर्ध्या ओळीवर थांबतो आणि पुढचं अख्खं कडवं समोरचे लोक म्हणतात. मी ती जागा नेहमी पुढे ढकलायचो. गायकानं गावं, लोकांचं काय ऐकायचं, असं माझं मत होतं.

अण्णांनी मला दंडाला धरून जवळ ओढलं आणि कानाशी कुजबुजले, "त्यो गप हाय. लोकं म्हणायलेत. तरी गाणं त्याचंच हाय."

मी म्हणालो, मग गुरुवारी भजनाला चला. ते गोफण उचलून पाखरांकडे वळले.

गुरुवारी मी रजा टाकून आलो. संध्याकाळी खुंटीवर टाळ नव्हते. देवळात गेलो तर अण्णा आपल्या जुन्या जागी, सगळ्यांच्या पुढे बसलेले. मी मागे, चपलांजवळ बसलो. भजनात मी जन्मात कधी तोंड उघडलं नव्हतं.

अण्णांनी टाळ वाजवले. ओठ हलले, आवाज आला नाही. मग दोन्ही हात उंच धरून ते थांबले. सगळे त्यांच्याकडे बघत बसले. पहिली ओळ अण्णांची, ती मागच्यांनी कशी म्हणायची? कुणाचीच हिंमत होईना. अण्णांचे हात हळूहळू खाली यायला लागले.

ते मला बघवेना. लहानपणापासून ऐकून पाठ झालेली ती ओळ मी म्हटली. बेसूर, पण देवळाबाहेर जाईल एवढ्या मोठ्यानं. पुढची काकांनी उचलली, मग सगळ्यांनी.

अण्णांनी मागे वळून पाहिलं नाही. हात तेवढे आणखी वर केले.