गरम पाण्याची काकी

कंपनीतर्फे मी रोज महाडजवळच्या गरम पाण्याच्या कुंडावर तापमान मोजायला जातो, तेव्हा ही काकी तिथं धुणं आपटत असते. तिच्या घरी अंघोळीला पाणी कधी तापवावंच लागलं नाही. पाय बुडवण्याआधी ती पाण्याला दटावते, "जास्ती तापू नको रे, तापू नको." सगळं दोनदा बोलायची तिला सवय आहे, आणि हात तर क्षणभर थांबत नाहीत.

गावच्या सभेत आमच्या कंपनीच्या साहेबांनी समजावलं, की खूप खोलवरचं कढत पाणी वर आणून वीज करू, त्यातलं बॅटरीला लागणारं लिथियम काढून घेऊ आणि पाणी परत खाली सोडू. लोक कुरकुरले. पहिला हात काकीनं वर केला. "होऊ दे, होऊ दे. हितंच काम मिळल, पोरगा मुंबईवरनं परत येल."

सभा सुटल्यावर मी उगाचच म्हणालो, "काकी, कुंड गार नाही होणार."

"नाय होनार रे, नाय होनार," म्हणत तिनं माझ्याच पाठीवरून हात फिरवला.

काल ती महाडच्या एसटी स्टँडवर दिसली. मांडीवर पाणी तापवायचा नवाकोरा तांब्याचा बंब होता. मला बघताच तिनं घाईघाईनं त्याच्यावर पदर ओढला. पदर काही पुरेना.