मामा नीमाचं दार

धुळ्याच्या बसस्टँडवर आबांनी, माझ्या वडिलांनी, माझ्या कानाखाली वाजवली, तेव्हा मुंबईची गाडी लागायला अजून दहा मिनिटं होती. सगळ्या फलाटानं पाहिलं. एक कंडक्टर मध्ये पडला, "भाऊ, पोर मोठी शे, असं करू नका." तर आबा त्याच्याही अंगावर धावून गेले. माझा गुन्हा एवढाच, की जळगावची मेहरूणमधली शाळेतली नोकरी सोडून मी वर्षभर टांझानियात बिनपगारी शिकवायला निघाले होते आणि त्यापायी जमत आलेलं स्थळ मोडलं होतं. "मास्तरीन व्हनं शे ना? मंग साक्रीमा व्हय. आफ्रिकामा तुनं कोन शे?" असं आबा ओरडत होते. माय रडली नाही. तिनं घरी धरलेल्या काजळाची डबी माझ्या पर्समध्ये कोंबली आणि म्हणाली, "नजर वाईट ऱ्हास माय, लावत ऱ्हाय." गाडी सुटली तरी माझा गाल तापलेलाच होता. मी मनात म्हटलं, आता मेले तरी परत यायची नाही. बोलायला काय जातं!

ज्या गावात जाऊन पडले तिथं जिकडेतिकडे केळीच केळी. पहिल्या दिवशी वाटलं, विमानानं फिरवून फिरवून रावेरलाच उतरवलं की काय. संस्थेनं माझी सोय एका घरी केली होती. घरधनीण माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी, नवरा लांबच्या ट्रकवर, महिन्यातून एकदा उगवणारा. तिकडे बाईला पोराच्या नावानं हाक मारतात. हिची पोरगी नीमा, चार वर्षांची, म्हणून ही मामा नीमा. मामा म्हणजे आई. आवाज असा, की शेजारच्या बागेतली माकडं पळावीत. पहिल्याच जेवणाला मी उगालीचा, म्हणजे त्यांच्या मक्याच्या घट्ट पिठल्यासारख्या गोळ्याचा, एक घास पानात टाकला, तर तिनं माझी मान धरून तो संपवायला लावला. सासूनं नसतं केलं एवढं.

शाळेत एका वर्गात ऐंशी पोरं. हेडमास्तरांनी रुजू होताच छडी हातात दिली. मी म्हटलं, मी मारत नाही. तिसऱ्या आठवड्यात मारलं. एका पोराच्या पोटरीवर वळ उठला आणि मला तो हात ओळखीचा वाटला. आबांचाच हात. त्या दिवशी मी छडी मोडून चुलीत घातली. मामा नीमा म्हणाली, बरं झालं, लाकडं ओली होती.

रोज सकाळी मी नीमाच्या गालाला काजळाची तीट लावायची. शेजारी मामा नीमाचा दीर राहायचा, योना. त्याच्या बायकोला पाच महिन्यांचं बाळ होतं, गुटगुटीत. एकदा तिनं हसत विचारलं, हे कशासाठी? माझ्या मोडक्या स्वाहिलीत मी सांगितलं, बाळाला कुणाची वाईट नजर लागू नये म्हणून. तिनं बाळ पुढं केलं, माझ्याही लेकराला लाव. मी कपाळावर नि तळपायावर चांगली ठसठशीत लावली, मग रोजच लावू लागले. आपल्याकडे कोण नाही लावत?

पुढच्या आठवड्यात बाळाला ताप आला. मामा नीमा रोज कुंपणावरून योनाला ओरडायची, दवाखान्यात ने. तो म्हणायचा, उद्या. सातव्या दिवशी बाळ गेलं. आंघोळ घालताना तळपायावरचा काळा डाग निघेना. माझं काजळ एरंडेलाचं, पक्कं. कुणीतरी बोललं, ही खूण त्या परक्या बाईनं केली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी फळ्यावर भागाकार लिहीत होते, तर खिडकीतून दगड आला आणि माझ्या कानामागं बसला.

बाहेर चाळीस-पन्नास माणसं. कोयते, काठ्या. "म्चावी!" ओरडत होती. म्हणजे चेटकीण. हेडमास्तर मागच्या दारानं केव्हाच पसार झाले होते. मीही मागनंच पळाले, केळीच्या बागेतून, एक चप्पल पायात, एक कुठं गेली देव जाणे. मानेवरून रक्त पाठीत उतरत होतं. एक काठी पाठीवर बसली, मी पडले, उठले. कुणाचा तरी हात माझ्या वेणीत आला, मी त्याला चावले. खरं सांगते, मांस तोंडात येईपर्यंत चावले. घराशी पोचले, तर दार बंद. मी दोन्ही मुठींनी दार बडवलं. तोंडातून स्वाहिली नाही निघाली, मराठीही नाही, घरची अहिराणी निघाली. "दार उघाड, माय! दार उघाड!"

दार उघडलं. मामा नीमानं मला दंडाला धरून आत फेकलं, स्वतः बाहेर गेली आणि बाहेरून कडी घातली. आत मी आणि नीमा. पोरगी माझ्या पायाला घट्ट चिकटली. मी फळीच्या फटीला डोळा लावला.

अशाच फटीला मी नऊ वर्षांची असताना डोळा लावला होता. धुळ्याला राहायला येण्याआधी, पिंपळनेरच्या अलीकडच्या आमच्या गावी, आमच्याच घरात. धुर्पाअक्का नावाची एक विधवा होती, मायची निंदणीतली जोडीदारीण. मला भाजलेले हरभरे द्यायची. गावात एक पोर मेलं आणि लोक म्हणाले, ही डाकीण. ती पळत आमच्याच दाराशी आली, कारण गावात तिचं म्हणावं असं तेवढंच दार. "वहिनी, दार उघाड!" मायनं आतून आडणा लावला आणि माझ्या तोंडावर हात दाबला. मला फटीतून सगळं दिसलं. केसाला धरून ओढलं, बाभळीच्या फोकानं झोडलं, डोळ्यावर लाथ मारली. आबा तिथंच होते. त्यांनी मारलं नाही, उभे होते. धुर्पाअक्का एक डोळा घालवून गुजरातेत भावाकडे गेली ती गेली. मायनं दुसऱ्या दिवशी उंबऱ्यापुढचं रक्त शेणानं सारवून टाकलं. आमच्या घरात त्यावर पुन्हा कुणी एक शब्द बोललं नाही.

बाहेर मामा नीमाच्या हातात उखळाचं मुसळ होतं. समोर दीर, त्याच्या हातात कोयता, डोळे रडून सुजलेले. ती त्याला म्हणाली, "सात दिवस ताप होता. सात दिवस मी ओरडले. नेलंस तू?" तो पायरी चढला. तिनं मुसळ हाणलं. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज मला आत ऐकू आला. मागचा एक जण पुढं झाला, त्याच्या गुडघ्यावर बसलं. तिच्याही डोक्यात दगड बसला, भुवईवरून रक्त वाहू लागलं, तरी बया दारातून हलली नाही. शिव्या तर अशा देत होती, की त्यांचा अर्थ मी आजवर कुणाला विचारलेला नाही. पाऊण तासानं पोलिसांची गाडी आली, तोवर ती तशीच उभी.

मग तिनं कडी काढली, आत आली आणि माझ्या थोबाडीत मारली. "परक्या लेकराच्या अंगावर काही करायचं तर आधी मला विचारायचं!" आणि मग मला कुशीत घेऊन मोठ्यानं रडली. आयुष्यात मला खूप जणांनी मारलं, पण ती एक चापट मी कमावलेली होती. योनाचं बाळ माझ्या काजळानं मेलं नाही, हे मला ठाऊक आहे. तरी त्या तळपायाची आठवण आली, की जेवण जात नाही.

संस्थेनं मला परत पाठवलं. धुळ्यात मायनं शेवभाजी केली होती. आबांनी सगळं ऐकलं नि ताटावर बसत म्हणाले, "सांगेल व्हतं ना! आपला गावमा असं काही व्हत नही."

मी ताट भिरकावलं. रस्सा भिंतीवर उडाला. "मंग धुर्पाअक्कानं काय व्हयनं व्हतं?" आबांनी हात उगारला. मी मनगट धरलं आणि सोडलं नाही. केवढंसं झालं होतं ते मनगट! ते खाली बसले, उठले आणि ओसरीवर निघून गेले. मी मायकडे वळले. तिला म्हटलं, तू तरी सांग, दार का नाही उघडलंस?

ती तव्याकडेच बघत होती. तशीच म्हणाली, "तू घरमा व्हती ना, माय. नऊ वरीसनी."

"नीमाही घरातच होती," मी म्हटलं. "चार वर्षांची."

तव्यावरची भाकर जळून कोळसा झाली, तरी तिनं उलटली नाही. मला तिची दया आली आणि रागही आला. दोन्ही अजून आहेत.

महिनाभरानं मी टांझानियात परत आले, तिथल्या तालुक्याच्या गावातल्या शाळेत पगारी. दर रविवारी मामा नीमाकडे जाते. माझ्यापायी दिरानं तिच्याशी बोलणं टाकलंय, नवरा धुसफुसतो. ती म्हणते, बरंय, भांडी कमी घासावी लागतात. मायला रोज फोन करते. तिच्या हातच्या ठेच्यासाठी जीव टाकते, आबांचा खोकला कसा आहे विचारते. कुणी घर कुठलं म्हटलं, की धुळं सांगते, जन्मभर तेच सांगेन. पण पुन्हा कधी माणसं मागं लागली आणि जीव घेऊन पळायची वेळ आली, तर माझे पाय कुठल्या दाराकडे वळतील, हे मला माहीत आहे. मायलाही माहीत आहे.