बांधावर पुरलेली बरणी

"निगेटिव्ह लिहा आणि मोकळ्या व्हा," सर्जन सर फोनवर म्हणाले. "गाठी मी स्वतः चाचपल्यात. मऊ होत्या; कॅन्सरच्या टणक लागतात."

"सर, माझ्याकडे गाठी आल्याच नाहीत."

"मग आल्या असं समजा!"

मी नगरमध्ये पॅथॉलॉजिस्ट आहे. ऑपरेशनमध्ये काढलेला भाग तपासून कॅन्सर कुठवर पोहोचलाय ते सांगायचं, हे माझं काम. समोर तिसगावच्या अंजनाबाईंच्या फुफ्फुसाचा तुकडा होता. बाईंनी जन्मात बिडी ओढली नाही. चुलीपुढे बसून धूर मात्र चाळीस वर्षं ओढला. फॉर्मवर लिहिलं होतं: फुफ्फुसाचा भाग, आणि गाठी वेगळ्या बरणीत. आली होती एकच बरणी.

गाठी म्हणजे लिम्फ नोड. त्या सगळ्यांनाच असतात. फुफ्फुसातून बाहेर पडलेला कॅन्सर बहुधा आधी तिथे जाऊन बसतो. तिथे तो नसेल, तर बऱ्याचदा ऑपरेशनवर भागतं. असेल, तर परत उलटण्याची भीती वाढते आणि शक्यतो केमो द्यावी लागते. म्हणून 'गाठींत कॅन्सर नाही' आणि 'गाठी तपासल्या नाहीत' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. सरांनी राउंडला पहिलं वाक्य बोलून टाकलं होतं. वॉर्डात पेढे वाटून झाले होते. आता रिपोर्टने पेढ्यांशी जुळवून घ्यावं, एवढीच अपेक्षा होती.

बाईंचा मुलगा रावसाहेब रिपोर्ट न्यायला आला. आपल्याकडे काढलेला भाग लॅबपर्यंत बऱ्याचदा नातेवाईकच पिशवीतून आणतात. हाही त्यानेच आणला होता.

"लहान बरणी कुठंय?" मी विचारलं.

तो खाली बघायला लागला. "ती व्हय? ती पुरली."

"पुरली?"

"चुलते म्हनले, मोठी तपासायला, ल्हान म्हंजी उरल्यालं आसंल. मानसाच्या अंगाचं हाय मॅडम, उकिरड्यावर कसं टाकायचं? बांधावर खड्डा घेतला. हळद-कुकू वाहिलं."

"झाकण उघडलं होतं?"

"न्हाई बा. लई वास मारत हुती."

तो वास फॉर्मालिनचा. त्यात मांस सडत नाही. मी म्हटलं, "उकरून आणा."

तो हबकला. "पुरल्यालं उकरायचं? चुलते मला बी तितंच गाडत्याल!"

"आईला केमो लागणार की नाही, ते त्या बरणीत आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो मातीने माखलेली बरणी घेऊन आला. मागे चुलते. बरणी टेबलावर ठेवत ते म्हणाले, "तपासा, पन काम झाल्यावर परत द्या. खड्डा तसाच ठिवलाय."

झाकण घट्ट होतं. लेबलवर बाईंचं नाव शाबूत होतं. आत सात गाठी. चार दिवसांनी स्लाइड तयार झाल्या. दोन गाठींत कॅन्सर होता. सरांच्या त्याच मऊ गाठींत.

मी फोन केला. सर म्हणाले, "मला शंका होतीच." राउंडलाही त्यांनी हेच सांगितलं म्हणे. या वेळी पेढे नव्हते.

केमो सुरू झाली. दुसऱ्या डोसनंतर अंजनाबाई लॅबमध्ये आल्या, केस गेलेल्या डोक्यावर पदर घट्ट ओढून. सोबत आलेल्या दिराकडे हात करून म्हणाल्या, "बगा की बाई, माज्या आदी माज्या गाठी पुरल्या. लई घाई यान्ला!"

चुलते म्हणाले, "आगं, उकरल्या बी मीच की."

बाई बऱ्या होतील का, ते मी छातीठोक सांगू शकत नाही. पण उपचार त्यांना खऱ्या आजाराचे मिळतायत. चुलत्यांनी बरणी मातीत पुरली होती, म्हणून ती परत निघाली. माझ्या सहीखाली पुरली असती, तर तिथे कुणी फावडं घेऊन आलं नसतं.

तेव्हापासून बरण्या हातात घेतानाच मी त्या फॉर्मशी जुळवून बघते; एक जरी कमी असली, तरी सही नाही. नातेवाइकांना हे एकदाच सांगावं लागतं. सरांना दर वेळी.