वाडी, विहीर आणि भावाचं शिबिर

माझ्या धाकट्या भावाने मला फसवलं. नाल्याकाठची वाडी त्याने माझ्या हातून काढून घेतली, तीही पंचांसमोर, रीतसर, हसऱ्या चेहऱ्याने. चोर निदान तोंड तरी लपवतो.

वाडी म्हणजे आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेल्याकडच्या आमच्या गावाबाहेरचा, विहिरीवर भिजणारा भाजीचा लहानसा तुकडा. वडील गेले तेव्हा त्यांनी मागे ठेवलेलं सगळं एका बैलगाडीत मावलं असतं. ऐंशीच्या दशकात मी ती वाडी घेतली, विहीर खणली, वांगी-मिरच्या आदिलाबादच्या बाजारात नेल्या आणि त्या भाजीच्या जोरावर पुढे रस्त्याकडेचं काळं वावर घेतलं. भाऊ तेव्हा शिकत होता. शिकून तो तामसीकडच्या शाळेत मास्तर झाला. घर एकत्र, म्हणून मिळकतही दोघांची. याबद्दल मी कधी तक्रार केली नाही. म्हणजे रोज केली, पण वाटणी मागितली नाही.

बाजारात मी एक गोष्ट शिकलो होतो. जे हवं, त्याला नावं ठेवायची. बैल आवडला की त्याच्या खुरात खोट काढायची, कापड आवडलं की रंग जाईल म्हणायचं. पुढे कधीतरी वाटणी होणार हे मला ठाऊक होतं, म्हणून वाडीलाही मी वर्षानुवर्षं नावं ठेवत आलो. पाणी मचूळ, वाट काट्यांची, माकडांचा उच्छाद. गावात कोणी विचारलं की मी कपाळाला हात लावायचो. आमच्याकडे रीत अशी की मोठ्याने वाटे करायचे आणि धाकट्याने आधी उचलायचं. वाटे करणाऱ्याला उरलेलं मिळतं. तेव्हा काय उरावं, याची तजवीज आधीपासून करावी लागते.

मग नव्वदीनंतरच्या एका उन्हाळ्यात भाऊ निर्मलला शिबिराला गेला. तिथे माणसांना आनंदी राहायला शिकवत. लोक तिकडे लाकडी खेळणी आणायला जातात, हा हसू घेऊन आला. रागावलेल्या माणसाचं रक्त कसं खराब होतं, चांगलं आठवलं की झोप कशी लागते, हे त्याने आम्हाला जेवणं थांबवून सांगितलं. आणि नियम काढला: रोज संध्याकाळी, ताटावर बसण्याआधी, प्रत्येकाने आज काय चांगलं झालं ते बोलायचं.

"म्या सकाळपासून दोन दलालांशी भांडलो," मी म्हणालो. "चांगलं काय सांगू? दोघंबी जिवंत हाय."

"हेबी चांगलंच झालं ना दादा," भाऊ म्हणाला. "सुरुवात तं झाली."

बायको त्याच्या बाजूची. "सांगून तं पाहा. तुमच्या आवाजानं शेजारची म्हैस आटून राह्यली."

दिवसात एकाचं तरी मनापासून कौतुक करायचं, असाही एक नियम होता. मी तो आदिलाबादला एका तेलुगू कापडवाल्यावर करून पाहिला. त्याचं धोतर हातात घेऊन "बागुंदी" म्हणालो, म्हणजे छान आहे. त्याने धोतर परत घडी घालून मांडीवर ठेवलं आणि भाव चढवला. शिबिरातल्या विद्वानांनी आयुष्यात कधी धोतर विकत घेतलं नसावं.

पण खरं ते लिहायला हवं. संध्याकाळचा तो प्रकार मला लागू पडला. हल्ली याला सकारात्मक मानसशास्त्र म्हणतात आणि त्याचे वर्ग भरतात म्हणे. आमचा वर्ग चुलीसमोर भरायचा. आधी मी काहीबाही सांगून वेळ मारून न्यायचो: बस वेळेवर आली, भाकरी करपली नाही. मग हळूहळू दिवसभर शोधायची सवय लागली. आणि दिवसभर मी असायचो कुठे? वाडीत. म्हणून सगळं चांगलं तिथलंच सापडायचं. भर उन्हाळ्यात विहिरीला हात बुडेल एवढ्यावर पाणी. मिरचीला आलेलं पांढरं फूल. विहिरीवरची मोटार बंद पडल्यावर येणारी शांतता. एकदा तर विहीर खणतानाचं बोललो. खडक लागला तेव्हा लोक सोडून गेले, मी एकटाच खाली बसून राहिलो, आणि पायाला ओल लागली. हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

"आन तू तं म्हणे पाणी मचूळ," भाऊ म्हणाला.

"साखर हाय साखर," मी म्हणालो. इतक्या वर्षांची मेहनत मी एका घासाआधी उधळली, आणि वर मला बरं वाटत होतं. झोप लागत होती. दलाल विचारायचे, तब्येत बरी आहे ना?

पावसाळा सरता सरता भावाने वाटणीचा विषय काढला. कुटुंब वाढलंय, गोडीगुलाबीत वेगळं होऊ. माझं मन तेव्हा इतकं स्वच्छ झालेलं की मी हो म्हणालो. ओट्यावर पंच बसले. मी वाटे केले: एकीकडे मोठं काळं वावर, दुसरीकडे वाडी. काळी जमीन सोडून भाजीचा तुकडा कोण घेणार? मास्तर असला तरी शेतकऱ्याच्या पोटचा आहे.

"मी वाडी घेतो," भाऊ म्हणाला.

सगळ्यात म्हातारे पंच पुढे वाकले. "अरे बाबू, काळं वावर सोडून?"

"दादाच सांगते, काका. तिथं गेलं का माणूस शांत होते."

पंच हसले. मी शांत झालो नाही. उपरणं फेकलं आणि ओरडलो, "ते माझं हाय!"

"तुझं होतं तं वाट्यात काऊन टाकलं?" म्हाताऱ्यांनी विचारलं. मी उपरणं उचलून झटकलं.

सगळे उठल्यावर भाऊ जवळ आला. "दादा, यातलं चांगलं पाह्य ना. वावर तुले मोठं भेटलं." मी त्याच्या अंगावर धावून गेलो, तेव्हा बायकोने मला धरलं. मास्तर वाडीत राबत नाही, सुटीच्या दिवशी झाडाखाली खाट टाकून वाचतो. भाजी बटाईने लावलेली आहे. मी रस्त्याने जातो तेव्हा विहिरीवरच्या मोटारीचा आवाज ऐकू येतो.

काळ्या वावरातल्या कापसाने मला वाडीपेक्षा जास्त दिलं, हे लोक मला पुनःपुन्हा सांगतात. मला मोजता येतं. माझा प्रश्न जमिनीचा नाहीच. जन्मभर मी कोणाशीही भाव केल्याशिवाय बोललो नाही. त्या काही महिन्यांत, माझ्याच घरात, मी जे मनात होतं ते तसंच्या तसं बोललो आणि समोरून काही मागितलं नाही. तेव्हा माझ्या भावाने, पंचांना मध्ये न घालता, मला तोंडावर सांगावं: वाटणी मनात ठेवून त्याने ते शिबिर घरात आणलं, की शिबिर आधी आणि वाटणी नंतर? रोज संध्याकाळी तो माझं ऐकत होता, की माल पारखत होता? हसू नको, मास्तर. उत्तर दे.