शांताक्कांचा उंबरा

हे सांगायचं मी आजवर टाळत आलो. घरी आलेल्या कोणी विचारलं, हे टेबल कुठून आणलं, तर "पळसदेवहून" एवढंच म्हणायचो आणि विषय बदलायचो.

पळसदेवच्या त्या घरात मी टॉर्च घेऊन टेबलाखाली उताणा पडलो होतो. बाजूला विठ्ठल आणि दत्ता हे दोन भाऊ उभे होते. दारात त्यांची थोरली बहीण, शांताक्का. जुन्या फर्निचरची किंमत ठरवणं हा माझा व्यवसाय. ऑफिस बारामतीत. बँकांची, विम्याची, वाटणीची कामं यायची.

हे वाटणीचं होतं. वडील, म्हणजे आबा, वारले होते. शांताक्कांना निरवांगीला दिलेलं. जमिनीतला आपला वाटा भावांना सोडून द्यायला, म्हणजे हक्कसोड करायला त्या आल्या होत्या. सही दुसऱ्या दिवशी इंदापूरला व्हायची होती. बदल्यात त्यांनी काही मागितलं नाही. फक्त हे टेबल मागितलं, आणि तिथेच भावांना शंका आली.

"जिमीन सोडती आन् टेबल मागती," मी गाडीतून उतरताच दत्ता म्हणाला होता. "कायतरी असंल की त्यात. मागं पुण्याचा एक जण फोटू काढून गेलाय."

"आणि भारी निघालं तर?" मी विचारलं.

"तर इकू. आक्काला चांगली साडी घिऊ."

अशा टेबलाला आमच्यात कन्सोल टेबल म्हणतात. अरुंद, लांब, भिंतीला लावून ठेवायचं. लाकूड आणि लोखंड असलं की गिऱ्हाईक 'ट्रॅडिशनल' म्हणून खूश. यातली बहुतेक हल्ली बनलेली असतात. म्हणून आम्ही वरून बघत नाही, खालून बघतो. वरची बाजू पॉलिश करता येते. खालची करायला सहसा कोणी जात नाही.

खाली सागवान होतं. रंध्याने गुळगुळीत केलेलं नाही, हाताने तासलेलं. दोन जाड फळ्या शेजारी शेजारी जोडलेल्या. त्यातल्या एकीच्या दोन्ही टोकांना गोल खळग्या, आतून झिजून गुळगुळीत झालेल्या. जुन्या दारांना बिजागऱ्या नसायच्या. दाराचा खुंट उंबऱ्यातल्या अशा खळगीत फिरायचा. फळीच्या कडेला, लाकडाच्या रेषांत, पिवळा आणि लाल रंग मुरलेला होता. हळद आणि कुंकू. दुसरी फळी त्याच दाराच्या चौकटीची, वरची. पाय बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेचे. धाव सरळ करून लोहाराने भट्टीत जोडलेली, वेल्डिंग कुठेच नाही.

म्हणजे कोणीतरी जुन्या घराचा उंबरा काढून त्याचं टेबल करून घेतलं होतं. माझी खात्री पटली. किंमतही मनात ठरली. ती चांगली होती.

आणि तिथेच मी हुशारी केली. खरं बोललो तर भाऊ टेबल विकणार. स्वस्त सांगितलं तर आक्कांना मिळणार. मी बाहेर आलो, हात झटकले.

"बाजारू माल आहे. लाकूड वखारीतलं, डाग देऊन जुनं केलेलं. लोखंड भंगाराचं. विकायला नेलंत तर टेम्पोचं भाडं निघणार नाही."

दत्ता हसला. "आक्का, ने बाई. पेंडीची पोती ठिवायला व्हईल."

शांताक्का पुढे आल्या. टेबलावर हात ठेवला.

"सायेब, नीट बघितलंत न्हवं?"

"बघितलं."

"ह्यो आमच्या जुन्या घराचा उंबरा हाय. धरणाचं पाणी यायच्या आधी आबांनी काढून आणला. पुना कुनाचा पाय पडू नये म्हनून टेबल केलं. मला त्येंनीच सांगितलंय."

"आबा काय, कायबी सांगायचे," विठ्ठल म्हणाला. दोघे भाऊ नव्या गावठाणात जन्मलेले. बुडालेलं घर आक्कांनीच तेवढं पाहिलेलं.

भाऊ माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणालो, "उंबरा असता तर खुणा दिसल्या असत्या."

आक्कांनी टेबलावरचा हात काढून घेतला.

"मग ऱ्हाऊ द्या. टेबल काय करायचंय मला? उंबरा पायजे व्हता."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सही केली आणि रिकाम्या हातांनी निरवांगीला गेल्या.

भावांनी टेबल माझ्या फीच्या बदल्यात मला दिलं. मी लगेच हो म्हणालो. मनात होतं, परस्पर आक्कांकडे पोचवू. बारामतीला पोचेपर्यंत लक्षात आलं, पोचवायचं तर खोटं बोललो हे सांगावं लागेल. खोटी किंमत सांगून वस्तू स्वतःच्या घरी नेणाऱ्याला आमच्या धंद्यात चोर म्हणतात.

काही महिन्यांनी मी निरवांगीला गेलो. टेबल नेलं नाही. आधी बोलू, मग आणू, असं ठरवलं होतं. आक्कांनी अंगणात बाज टाकली, चहा केला.

"बरं झालं सायेब, तुमी खरं सांगितलंत," त्या म्हणाल्या. "लेकीला आजवर त्या उंबऱ्याच्या गोष्टी सांगत व्हते. आता न्हाय सांगत. पर आबा माझ्यासंगं खोटं का बोललं आसतील, त्ये काय कळत न्हाय बगा."

रागाचा सूर नव्हता. मी चहा चांगला झालाय म्हणालो आणि उठलो.

पुढे आक्का वारल्या. गेल्या महिन्यात मी टेबल टेम्पोत घालून त्यांच्या मुलीकडे नेलं, सगळं सांगितलं, खळग्या दाखवल्या. तिने ऐकून घेतलं. "ह्ये आईला सांगायचं व्हतं," एवढंच बोलली. टेबल मात्र ठेवून घेतलं.

किंमत ठरवणाऱ्याने कोणाची बाजू घेऊ नये, हे मला काम शिकतानाच सांगितलं होतं. तो नियम लाच खाणाऱ्यांसाठी असावा, अशी माझी समजूत होती.

निरवांगीच्या अंगणात बोलायचं होतं ते फार नव्हतं. आक्का, मला माफ करा. आबा खोटं बोलले नव्हते. मी बोललो.