चार वाजताची खोटी नोंद

काझ्यो माझा शेजारी. पेनसिल्व्हेनियाच्या आमच्या पोलिश गल्लीतल्या सगळ्या पुरुषांसारखाच तोही खाणीत राबला, आणि बत्तीस वर्षांनी काळी पडलेली फुफ्फुसं घेऊन घरी बसला. खुर्ची, ऑक्सिजनची टाकी आणि टीव्ही, एवढंच उरलं. डॉक्टरनं अडुसष्टच्या नाताळापर्यंतची मुदत दिली होती. सत्तरचा नोव्हेंबर लागला तरी हा आपला खुर्चीत बसलेलाच.

त्याला जगवलं ते चारच्या भुतांच्या मालिकेनं. थट्टा नाही करत मी. सुरुवातीला त्या मालिकेत दीपगृहावरच्या कुणा विधवेचं रडगाणं चालायचं, कुत्रं बघत नव्हतं. मग लेखकांनी समुद्रात बुडालेली ॲग्नेस उठवली, ओल्या केसांची, सूड घ्यायला आलेली. झालं! चारच्या ठोक्याला अख्खी गल्ली घरात. कितीकदा माझं कोबीचं सूप करपलं. काझ्यो दर शुक्रवारी म्हणायचा, "सोमवारी काय होतं ते बघितल्याशिवाय मी मरत नाही."

"मग मंगळवारी मर," त्याची बायको स्टेफा म्हणायची. "मंगळवारी मला धुणं नसतं."

आणि त्या दीडशहाण्या लेखकांनी काय करावं? ॲग्नेसला परत समुद्रात लोटलं आणि तीनशे वर्षांपूर्वीच्या चेटकिणींचं दळण लावलं. लोक कंटाळून सोडून गेले. काझ्यो मात्र शिव्या घालत रोज बघायचा.

त्या नोव्हेंबरातच स्टेफाकडे टपालानं वही आली. घरात कोण काय बघतं ते आठवडाभर लिहून परत पाठवायचं. अशा वह्यांवरूनच मालिकेला किती बघणारे आहेत ते ठरायचं. आमच्याकडे मोजक्याच घरांना ती आली होती, म्हणजे एका घरानं लिहिलेलं हजारो घरांच्या नावावर जाणार.

"लिही, रोज चारची मालिका," काझ्यो म्हणाला.

मी मेली खसखशीचा केक द्यायला गेले होते. द्यावा आणि गप घरी यावं की नाही? पण म्हटलं, "असं लिहिलंस तर त्यांना वाटेल चेटकिणी आवडल्या. शेजारच्या चॅनेलवरचा तो बक्षिसांचा खेळ बघितला म्हणून लिही. घाबरतील आणि आणतील ॲग्नेसला."

स्टेफानं पेन खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. "गेन्या, खोटं लिहू?"

"सांग फादरना कबुली देताना. म्हणावं, भुतासाठी खोटं बोलले."

काझ्यो हसला, हसता हसता खोकत सुटला. "लिही, स्टेफा. एकदा अद्दल घडू दे त्यांना."

पाचही दिवस तिनं चारच्या रकान्यात बक्षिसांचा खेळ लिहिला. शेजारी बसून तो मालिका बघत होता.

मार्चमध्ये पेपरात आलं, बघणारे घटले म्हणून मालिका बंद. स्टेफानं पेपर शेगडीत घातला. "त्याला एक अक्षर बोललीस तर याद राख," मला म्हणाली. एका वहीनं मालिका बंद पडत नसते, असं माझ्या नवऱ्यानं मला दहादा समजावलं. पण माझ्या मनाला ते पटेना.

मालिकेच्या शेवटच्या शुक्रवारी मी तिथंच होते. लेखकांनी दोन वाक्यांत सगळ्या चेटकिणींचं भलं करून टाकलं. काझ्योचे डोळे चमकले. "बघितलंत? उगाच नाही गुंडाळलं. आपली वही पोचली. सोमवारी येते ॲग्नेस."

सोमवारी त्यानं दाढी करून घेतली. चार वाजले. घंटा वाजल्या, टाळ्या झाल्या, आणि दात दाखवत हसणारा एक माणूस बक्षिसं वाटू लागला.

"स्टेफा, चॅनेल चुकलंय."

तिनं सगळी चॅनेलं फिरवली आणि परत तिथंच आणून ठेवलं. त्यानं तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बंद केली?"

"हो," मी म्हटलं.

तो बराच वेळ ते बघत राहिला. "आपण लिहिलं होतं तेच लावलंय की," म्हणाला, आणि खुर्ची खिडकीकडे फिरवायला सांगितली.

आठवडाभर त्यानं टीव्ही लावू दिला नाही. पुढच्या मंगळवारी गेला. स्टेफाला त्या दिवशी धुणं नव्हतं.